महाधमनीच्या ऑपरेशननंतरची रात्रपाळी: मज्जारज्जू कसा सांभाळाल

परळच्या आमच्या आयसीयूत नव्याने रात्रपाळीला लागलेल्या सिस्टरांसाठी हे लिहितेय. छातीतल्या महाधमनीचं ऑपरेशन झालं, पेशंट शुद्धीवर आला, दोन्ही पाय हलवले, की सगळे निर्धास्त होतात. मी होत नाही. संध्याकाळी पाय हलवणारा माणूस पहाटे पाय उचलेनासा होऊ शकतो, कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीसुद्धा.

महाधमनीतून मज्जारज्जूला जाणाऱ्या बारीक फांद्या ऑपरेशनमध्ये बंद होतात. त्यातली मोठी, अ‍ॅडमकीविझची धमनी, बहुतेकांत डाव्या बाजूने निघते. ती गेली की मज्जारज्जूची भिस्त आजूबाजूच्या लहान रक्तवाहिन्यांवर, आणि त्यांना दाब लागतो. हिशेब असा: मीन बीपी (सरासरी रक्तदाब) वजा सीएसएफचा, म्हणजे मज्जारज्जूभोवतीच्या पाण्याचा दाब. मीन ९० आणि सीएसएफ १० असेल तर मज्जारज्जूला ८० मिळतात. मीन ६५ वर आलं आणि ड्रेन (ते पाणी काढायला पाठीत घातलेली नळी) तुंबून सीएसएफ १८ झाला, तर उरतात ४७. एरवी मीन ६५ दिसलं तर कुणी वळूनही बघत नाही, म्हणून हे निसटतं.

तेव्हा हॅन्डओव्हरलाच विचारा, मीन किती ठेवायचंय? बहुधा ८० ते ९० किंवा वर सांगतील. सर्जनना टाक्यांतून रक्त येण्याची धास्ती, अ‍ॅनेस्थेशियावाल्यांना पायांची. दोघांना मान्य असलेला एकच आकडा चार्टवर लिहून घ्या, मधल्या मधे आपली फरफट नको. बीपीच्या जुन्या गोळ्या विचारल्याशिवाय देऊ नका.

ड्रेनशी घाई करू नका. सीएसएफचा दाब साधारण १० च्या आसपास ठेवायला सांगतात आणि ताशी १० ते १५ मिलीच्या वर पाणी काढत नाहीत. भराभर गेलं तर मेंदूभोवतीच्या शिरा ताणून फाटतात. म्हणून पलंग वर-खाली करण्याआधी, कूस बदलण्याआधी, सीटीला नेण्याआधी ड्रेन क्लॅम्प करा; नंतर लेव्हल (ड्रेनची उंची) पुन्हा लावून मगच उघडा. या लाइनला प्रेशर बॅग (सलाइन दाबाने ढकलणारी पिशवी) कधीही जोडायची नाही. पाणी लालसर दिसलं तर लगेच डॉक्टरांना बोलवा.

पाय दर तासाला तपासा, झोपमोड झाली तरी. नुसती बोटं हलवून घेऊ नका. अशक्तपणा मांडीत असला तरी बोटं हलतात. ‘काका, गुडघा सरळ ठेवून पाय गादीवरून उचला,’ एकेक पाय. गुजराती काका असतील तर ‘पग ऊंचो करो’.

एकही पाय कमी उचलला गेला तर ‘झोपेत असतील’ म्हणून पुढच्या तासाची वाट बघायची नाही. सपाट झोपवा, ऑक्सिजन लावा, ड्रेनची नळी कुठे दुमडली का पाहा, फोन करा. डॉक्टर मीन आणखी वर न्यायला सांगतील, हिमोग्लोबिन विचारतील. आणि दोन्ही पाय शेवटचे नीट उचलले ती वेळ तयार ठेवा, तीच सगळ्यात आधी विचारतात.