झोप परत आली ती गच्चीवरच्या कुंड्यांमुळे

निवृत्तीनंतर सहा महिन्यांत माझी झोप पार उडाली. रात्री दोन वाजले तरी डोळे टक्क उघडे, आणि सकाळी नऊपर्यंत पडदे ओढून लोळणं. रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल आले. डॉक्टर म्हणाले, "ताई, सकाळचा उजेड डोळ्यांवर पडू दे. शरीराचं घड्याळ त्यावर चालतं."

नुसतं उन्हात बसणं चार दिवसही जमलं नाही. मग कुंड्या आणल्या: मेथी, पुदिना, मिरची, तुळस. पहिली मेथी कुजली, कारण रोज तांब्यावर तांब्या पाणी ओतत होते. दुसऱ्यांदा तळाच्या भोकावर खापरीचा तुकडा ठेवला, मातीत शेणखत आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मिसळलं. आता बोट पेरभर खुपसून बघते, कोरडं लागलं तरच पाणी. महिन्याच्या आत जुडीभर मेथी निघाली. त्या दिवशीची भाजी मी शेजारीही दिली, इतका आनंद झाला होता!

साडेसहाला वर जायची ओढ लागली आणि साधारण तीन आठवड्यांत अकराला डोळे मिटू लागले. दुपारचा चहाही सोडला होता, त्याचाही वाटा असेल.

१९८४ साली रॉजर उलरिक या संशोधकांनी 'सायन्स' या विज्ञानपत्रिकेत लिहिलं होतं की पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर खिडकीतून झाडं दिसणारे रुग्ण भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. मला ते मनापासून पटतं.

वाकून गुडघे दुखत, म्हणून कुंड्या विटांवर चढवल्यात. खुरपं धरण्याआधी धनुर्वाताचं इंजेक्शन मात्र घेऊन ठेवा.