लहान गावासाठी एसटी फेरीचा प्रस्ताव कसा तयार करावा

नागपूर जिल्ह्यातील लहान गावे एसटीची फेरी मागतात तेव्हा अर्जात बहुधा एवढेच असते, की गावाची लोकसंख्या अमुक आहे आणि गावात बस येत नाही. आगाराला मात्र गावात किती लोक राहतात यापेक्षा त्यांपैकी किती जण, कोणत्या वेळी आणि कुठे जातात हे हवे असते. म्हणून प्रस्तावाची सुरुवात लोकसंख्येने करावी, पण भर प्रवाशांवर ठेवावा.

2021 ची जनगणना झाली नसल्याने 2011 चेच आकडे घ्यावे लागतात. ते जिल्हा जनगणना पुस्तिकेत मिळतात. तिच्या एका भागात गावातील सोयींची निर्देशिका आणि दुसऱ्या भागात गावनिहाय प्राथमिक गोषवारा असतो. गाव नावावरून न शोधता सहा अंकी संकेतांकावरून शोधावे, कारण खुर्द-बुद्रुकचा घोळ तर असतोच, शिवाय आपल्याकडची वस्ती नसलेली रिठी गावेही त्याच यादीत असतात. हा आकडा महसुली गावाचा असल्याने दूरची टोली (गावापासून वेगळी छोटी वस्ती) त्यातच मोजलेली असते; बस टोलीपर्यंत हवी असेल तर तेथील घरे वेगळी मोजावीत. एखादी सोय गावात नसेल तर ती किती अंतरावर मिळते हे निर्देशिकेत ए (5 किमीपेक्षा कमी), बी (5 ते 10 किमी) किंवा सी (10 किमीपेक्षा जास्त) या संकेताने दिलेले असते. बससेवेचा हा संकेत प्रस्तावात जसाच्या तसा उतरवावा. ग्रामपंचायत, अंगणवाडी आणि शाळेच्या नोंदींतील आजचे आकडे शेजारी तारखेसह द्यावेत.

रस्त्याबद्दल मोघम लिहू नये. फाट्यापासून गावठाणापर्यंतचे अंतर, पावसाळ्यात पाण्याखाली जाणारा रपटा, खाली लोंबणाऱ्या तारा आणि बस वळवण्याची जागा यांची नोंद करावी. पंतप्रधान ग्राम सडक योजना 2000 मध्ये सुरू झाली तेव्हा सपाट भागात 500 आणि डोंगराळ व आदिवासी भागात 250 लोकवस्तीचा निकष होता. त्याहून लहान वस्तीला बारमाही रस्ता असेलच असे गृहीत धरू नये.

खरी मेहनत प्रवाशांच्या मोजणीत आहे. फाट्यावर किंवा गावाच्या तोंडाशी बसून शाळेचा साधा दिवस, आठवडी बाजाराचा दिवस आणि सुटीचा दिवस असे वेगवेगळे दिवस मोजावेत, आणि प्रत्येकाची वेळ, ठिकाण व आज वापरलेले वाहन लिहावे. काळीपिवळीने किंवा दुसऱ्याच्या दुचाकीवर बसून जाणारेही बसचे संभाव्य प्रवासीच आहेत. काटोल-नरखेड भागात संत्र्याच्या तोडणीच्या दिवसांत ही संख्या फुगते. तो हंगाम वेगळा दाखवावा, नाहीतर वर्षभराचा अंदाज फसवा ठरतो. सवलतीचे प्रवासी गाळू नयेत: 2022 पासून 75 वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत आणि 2023 पासून महिलांना अर्ध्या तिकिटात प्रवास आहे, आणि लहान गावातून निघणाऱ्यांत विद्यार्थिनी व बाजाराला जाणाऱ्या महिलाच पुष्कळ असतात.

मागणी नव्या गाडीची न करता, फाट्यावरून आधीच जाणारी फेरी गावात वळवण्याची किंवा अलीकडच्या गावापर्यंत येणारी फेरी आपल्यापर्यंत वाढवण्याची करावी; आगाराला चालक-वाहक आणि गाडी नव्याने द्यावी लागत नाही, म्हणून ती मान्य होणे सोपे जाते. शेजारच्या दोन-तीन गावांनी एकत्र मागितल्यास प्रवासीही वाढतात. मुक्कामी गाडी मागायची असेल तर चालक-वाहकांच्या राहण्याची सोय कोण करणार हे लिहावे.

प्रस्तावासोबत ग्रामसभेचा ठराव जोडावा. गणपूर्ती एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी कमी असेल ती लागते. अर्ज काटोल, सावनेर, रामटेक किंवा उमरेड अशा संबंधित आगाराच्या व्यवस्थापकांकडे द्यावा, प्रत नागपूरच्या विभाग नियंत्रकांना पाठवावी आणि दोन्हींची पोच घ्यावी. फेरी सुरू झाल्यावर पहिले काही महिने चढणाऱ्या-उतरणाऱ्यांची नोंद गावानेही ठेवावी, कारण भारमान (आसनांच्या तुलनेत प्रवाशांचे प्रमाण) कमी असल्याचे सांगून फेरी बंद होऊ लागली तर आगाराच्या आकड्यांसमोर ठेवायला तीच कामी येते.