पाण्याकाठचे गाव भाड्याच्या सायकलवरून पाहताना

पाण्याकाठी वसलेले लहान गाव पाहायला सायकलइतके सोयीचे वाहन दुसरे नाही. अशी गावे बहुधा काठाच्या कडेकडेने लांबट पसरलेली असतात. एका टोकाला धक्का, दुसऱ्या टोकाला दीपगृह किंवा नदीचे मुख आणि मध्ये तीन-चार किलोमीटरची वस्ती. थांबत-रेंगाळत एवढे अंतर पायी जाऊन यायचे म्हटले तर अर्धा दिवस जातो आणि मोटारीने गेले तर काहीही नीट न दिसता दहा मिनिटांत गाव संपते. सायकल ताशी १२ ते १५ किलोमीटरच्या बेताच्या वेगाने चालते, मनात येईल तिथे थांबते आणि गल्लीतल्या भिंतीला टेकवून ठेवता येते. मात्र बहुतेक प्रवासी आधी नकाशा पाहतात, मग मिळेल ती सायकल उचलतात आणि वाऱ्याचा विचार करतात तो परतीच्या वाटेवर दम लागल्यावर. हा क्रम उलटा असायला हवा, असे माझे ठाम मत आहे : आधी सायकल तपासावी, मग वारा पाहावा आणि वाट शेवटी ठरवावी.

दुकानात पोहोचल्यावर पहिली पंधरा मिनिटे सायकलीला द्यावीत. गावात फिरण्यासाठी पाठ ताठ ठेवून बसता येईल अशी, सरळ किंवा किंचित मागे वळलेल्या हँडलची, मडगार्ड आणि कॅरिअर असलेली साधी सायकल सर्वांत चांगली. शर्यतीची, बारीक टायरची सायकल दिसायला देखणी असली, तरी धक्क्यावरच्या दगडी फरसबंदीवर ती हाडे खिळखिळी करते आणि लाकडी फळ्यांच्या फटीत तिचे चाक अडकू शकते. टायरची रुंदी डोळ्यांनीही कळते, पण खात्री करायची असेल तर टायरच्या बाजूवर उठावात छापलेले आकडे पाहावेत. तिथे ३७-६२२ असे लिहिलेले असेल, तर पहिला आकडा म्हणजे टायरची मिलिमीटरमधली रुंदी होय. अशा भटकंतीसाठी ३५ ते ४५ मिलिमीटरच्या आसपासचा टायर मला योग्य वाटतो.

त्यानंतर सीटची उंची. सीटवर बसून पायडल सर्वांत खाली आणावे आणि त्यावर टाच टेकवावी. गुडघा त्या स्थितीत सरळ होत असेल, तर उंची बरोबर आहे असे समजावे, कारण प्रत्यक्ष चालवताना पावलाचा पुढचा भाग पायडलवर येतो आणि गुडघ्याला हवा तेवढा बाक आपोआप मिळतो. भाड्याच्या सायकलींच्या सीट बहुधा गरजेपेक्षा खाली बसवलेल्या असतात आणि संध्याकाळी गुडघे दुखण्याचे ते एक मोठे कारण असते. सीट वर घेताना तिच्या दांड्यावर कोरलेली मर्यादेची खूण नळीच्या बाहेर दिसता कामा नये. ती दिसू लागली, तर त्या व्यक्तीसाठी ती सायकल लहान आहे.

ब्रेक तपासताना दोन्ही हात एकदम दाबू नयेत. आधी फक्त पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलावी. मागचे चाक जमिनीवरून उचलले जाऊ लागले पाहिजे. मग फक्त मागचा ब्रेक दाबून ढकलावे. चाक न फिरता फरफटत आले पाहिजे. दाबलेला ब्रेक हँडलच्या मुठीला जाऊन टेकत असेल, तर तार ताणून घेतल्याशिवाय ती सायकल नेऊ नये. कोणत्या हाताला कोणता ब्रेक आहे, हेही याच वेळी मनात पक्के करावे. ज्या देशांत वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, तिथे पुढचा ब्रेक सहसा उजव्या हाताला असतो आणि उजव्या बाजूने चालणाऱ्या देशांत तो सहसा डाव्या हाताला असतो. सवयीने भलताच ब्रेक जोरात दाबला गेला, तर उतारावर तोल जातो. काही सायकलींना मागचा ब्रेक हाताला नसतोच. पायडल उलटे मारले की तो लागतो. अशी सायकल हाती आली, तर दुकानासमोरच्या मोकळ्या जागेत दोन-चार वेळा थांबण्याचा सराव केल्याखेरीज रहदारीत शिरू नये.

पाण्याकाठी, विशेषतः समुद्रकाठी, सायकलीची खरी परीक्षा चेनवर होते. खारट दमट हवेत लोखंडाला गंज लवकर चढतो आणि उघड्यावर राहिलेली चेन थोड्याच दिवसांत तांबूस दिसू लागते. वरवरच्या तांबूसपणाने घाबरून जाऊ नये. सायकल स्टँडवर उभी करून पायडल हळूहळू उलटे फिरवावे आणि चेन मागच्या दातेरी चकत्यांवरून जाताना तिच्याकडे जवळून पाहावे. एखादी कडी ताठरली असेल, तर ती वळणावर सरळ न होता वाकडीच राहते आणि त्या जागी चेन दर फेऱ्याला टुणकन उडी मारते. अशी चेन चढावर भार पडताच घसरते किंवा तुटते. त्याच वेळी चाक उचलून गरागरा फिरवावे : ते आउट गेले, म्हणजे वेडेवाकडे झाले असेल, तर एका जागी ब्रेकच्या रबराला घासल्याचा ठरावीक अंतराने आवाज येतो. टायर अंगठ्याने दाबून पाहावा, त्याच्या बाजूला भेगा पडलेल्या नाहीत ना हे पाहावे, आणि हवा कमी वाटली तर दुकानदाराकडून तिथल्या तिथे भरून घ्यावी.

व्यवहाराच्या बाबतीत थोडक्यात सांगायचे, तर भाडे तासावर आहे की दिवसावर, दुकान किती वाजता बंद होते, वाटेत पंक्चर झाल्यास कोणाला कळवायचे आणि सायकल चोरीला गेल्यास किती रक्कम भरावी लागेल, हे चार प्रश्न पैसे देण्यापूर्वीच विचारावेत. अनामत म्हणून पासपोर्ट किंवा मूळ ओळखपत्र ठेवून घेतले जात असेल, तर त्याऐवजी छायाप्रत किंवा रोख रक्कम देण्याची तयारी दाखवावी. सायकलीवर आधीपासून असलेल्या ओरखड्यांची, वाकलेल्या मडगार्डची छायाचित्रे दुकानदाराच्या समोरच काढावीत. प्रामाणिक दुकानदार याला कधीही हरकत घेत नाही. ठरावीक थांब्यांवरून मोबाइलने कुलूप उघडून घ्यायच्या सार्वजनिक सायकली असतील, तर परत करायच्या वेळी त्या थांब्यावर जागा रिकामी आहे का, हे आधी पाहून ठेवावे. (अशा सार्वजनिक सायकलींचा प्रयोग मोठ्या महानगरांनीच केला असे नाही. फ्रान्समधील ला रोशेल या बंदराच्या शहराने १९७० च्या दशकातच पिवळ्या सायकली लोकांच्या वापरासाठी ठेवल्या होत्या.)

आता वाऱ्याविषयी. दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हलकी झालेली हवा वर जाते आणि तिची जागा घेण्यासाठी पाण्यावरची गार हवा काठाकडे येते. समुद्राप्रमाणे मोठ्या तलावांच्या काठीही हे घडते. स्वच्छ उन्हाच्या दिवशी हा वारा साधारणपणे दुपारच्या आधी सुरू होतो, दुपारी त्याचा जोर सर्वाधिक असतो आणि सूर्य कलल्यावर तो ओसरतो. पाठीमागून येणारा वारा जाणवत नाही; आपणच आज जोमात आहोत, असे वाटत राहते. एकदा मीही असाच काठाच्या रस्त्याने गावाबाहेर बराच लांबवर निघून गेलो आणि वळल्यावर समोरून आलेल्या वाऱ्याने सपाट रस्त्याचा अक्षरशः चढ केला. दुकान बंद होण्याची वेळ टळून गेली होती आणि तिथला माणूस केवळ माझ्यासाठी कुलूप हातात धरून दारात थांबला होता. त्याच्या चेहऱ्यावरचा थकवा मी अजून विसरलेलो नाही, म्हणूनच हे इतके आग्रहाने लिहीत आहे.

हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी १५ किलोमीटरने जाणाऱ्याला समोरून ताशी २० किलोमीटरचा वारा लागला, तर त्याच्या अंगावर ताशी ३५ किलोमीटरची हवा आदळते आणि अवरोध वारा नसलेल्या दिवसाच्या तुलनेत पाचपटींहून अधिक होतो. म्हणून जाताना वारा समोरून घ्यावा आणि येताना पाठीवर. वारा किती आहे, हे पाण्याकडे पाहून कळते. ब्रिटिश नौदलातील अधिकारी फ्रान्सिस बोफर्ट यांनी १८०५ साली मांडलेली वाऱ्याची श्रेणी सुधारित स्वरूपात आजही वापरात आहे. तिच्या तिसऱ्या पायरीवर समुद्रात लाटांच्या माथ्यावर तुरळक पांढरा फेस दिसू लागतो आणि चौथ्या पायरीवर तो जागोजागी दिसतो. ही चौथी पायरी म्हणजे ताशी साधारण २० ते २८ किलोमीटरचा वारा. पाण्यावर सर्वत्र असे पांढरे तुरे दिसत असतील, तर उघड्या काठाने दूर जाण्याचा बेत रद्द करून गावातल्या गल्ल्या पाहाव्यात. काठच्या रस्त्यावर वारा आडवा लागत असतानाही एक काळजी घ्यावी : इमारतींच्या आडोशाने जाताना सगळे शांत असते, पण पाण्याकडे उघडणाऱ्या गल्लीचे तोंड आले की झोत एकदम कुशीवर येतो आणि सायकल हातभर बाजूला सरकते. अशा तोंडांशी हँडल दोन्ही हातांनी धरलेले असावे.

वाट आखताना मी सकाळी लवकर काठाच्या रस्त्याने गावाच्या दुसऱ्या टोकापर्यंत जातो आणि परतताना एक रस्ता आत शिरून वस्तीतून येतो. काठाला समांतर जाणारे रस्ते बहुधा सपाट असतात आणि त्यांना छेदणाऱ्या गल्ल्या पाण्याकडे उतरत जातात. त्यामुळे चुकण्याची भीती फारशी राहत नाही, कारण उताराने गेले की पाणी सापडतेच.

धक्क्यावर मात्र सायकल शक्यतो हातात धरून चालावे. तिथे दोर पसरलेले असतात, जाळी वाळत असतात, माणसे ओझी घेऊन उलट्या पावली चालत असतात आणि ती त्यांची कामाची जागा आहे. जुन्या बंदरांत मालगाडीचे रूळ जमिनीत गाडलेले असतात. ते ओलांडायचेच असतील, तर शक्य तितके काटकोनात ओलांडावेत, कारण तिरप्या कोनात पुढचे चाक रुळालगतच्या खाचेत उतरले, तर सावरायला वेळच मिळत नाही. लाकडी फळ्या ओल्या असताना फार निसरड्या होतात आणि होड्या पाण्यात सोडण्याच्या उतरणीवर भरतीची पाणरेषा असते तिच्याखाली हिरवे शेवाळ धरलेले असते. त्या उतरणीवर सायकल घेऊन कधीही जाऊ नये.

ओहोटीनंतरची ओली वाळू कडक असते आणि तिच्यावरून चालवण्याचा मोह होतो. पण चाकांनी उडवलेले खारे पाणी आणि वाळू थेट चेनमध्ये व चाकांच्या बेअरिंगमध्ये जाते. दुसऱ्याची वस्तू असताना हा मोह टाळणेच योग्य. भरतीच्या वेळी पाण्याखाली जाणारा एखादा बांध किंवा बेटाकडे जाणारी वाट असेल, तर तिथल्या भरती-ओहोटीचे त्या दिवसाचे वेळापत्रक पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरतींमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते आणि त्यामुळे भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. काल दुपारी कोरडी असलेली वाट आज त्याच वेळी तशीच असेल, असे गृहीत धरता येत नाही.

कुलूप लावताना ते सायकलीच्या सांगाड्यातून आणि मागच्या चाकातून ओवून जमिनीत पक्क्या रोवलेल्या खांबाला किंवा स्टँडला लावावे. होड्या बांधण्याच्या लोखंडी खुंटांना, कड्यांना आणि जीवरक्षक चकती टांगलेल्या कठड्याला सायकल बांधू नये. घाईच्या वेळी तिथे कोणाचा तरी दोर किंवा हात पोहोचायला हवा असतो.

सायकल परत देण्यापूर्वी समुद्राचे पाणी उडालेले असेल, तर गोड्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने चेन, चाकांच्या कडा आणि आरे पुसून घ्यावेत. पाण्याचा जोराचा फवारा चाकाच्या मध्यभागी मारू नये, त्याने बेअरिंगमधील ग्रीस निघून जाते. दिवसभरात जाणवलेला दोष, मग तो एखादा न पडणारा गिअर असो की सैल झालेले पायडल, दुकानदाराला दाखवून सांगावा, म्हणजे दुसऱ्या दिवशी तीच सायकल घेणाऱ्याला तो वाटेत सापडणार नाही.