गेम वीस मिनिटांनी अडखळतो? आधी धूळ बघा

गेम सुरुवातीला मस्त चालतो आणि वीसेक मिनिटांनी अडखळायला लागतो, तर नवं ग्राफिक्स कार्ड घ्यायची घाई करू नका. एचडब्ल्यूमॉनिटर हे तापमान दाखवणारं फुकट सॉफ्टवेअर चालू ठेवून खेळा. प्रोसेसर ९५-१०० अंश सेल्सिअसला टेकला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो आणि फ्रेम पडायला लागतात, म्हणजे चित्र अडखळतं. तापमान तिथवर जात असेल, तर पीसी बंद करा, वायर काढा, कॅबिनेट उघडा. माझ्या पीसीत हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) पट्ट्यांमध्ये धुळीची अक्षरशः गादी झाली होती! मऊ ब्रश आणि ब्लोअरने साफ करा, पण पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. हवेच्या झोताने पंखा गरगर फिरला तर बेअरिंग खराब होऊ शकतं. तरीही तापतच असेल, तर हीटसिंक काढून जुनी थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे नेणारा लेप) पुसा आणि प्रोसेसरवर वाटाण्याएवढी नवी लावा.