इरु की आरु?
जपानीत 'आहे'साठी दोन क्रियापदं आहेत, इरु आणि आरु. इंग्रजीमार्गे शिकलात तर दोन्हींचा अर्थ एकच दिसतो. 'सजीवाला इरु, निर्जीवाला आरु' असं पाठ करू नका. माड सजीव, तरी त्याला आरुच. आपणहून हलतं का, ते बघा.

मासळीवर हे चटकन कळतं. मिरकरवाडा बंदरात पाण्यात फिरणारा बांगडा म्हणजे 'साकाना गा इरु', मासा आहे. तोच बर्फावर विकायला मांडला की 'साकाना गा आरु'. चिंबोरी टोपलीत नांग्या हलवतेय तोवर इरु, कालवणात पडली की आरु. रिकामी उभी टॅक्सी आरु. आत चालक भाड्याची वाट बघत बसला असेल तर इरुही चालतं.

जागेनंतर 'नि' येतं: 'उमि नि', म्हणजे समुद्रात. जत्रा, सभा असलं काही असेल तर मात्र 'दे', आणि क्रियापद आरुच: 'मिनातो दे मात्सुरि गा आरु', बंदरावर जत्रा आहे. इथे 'नि' लावणं ही नेहमीची चूक.

नकारात इरुचं 'इनाइ' होतं. आरुचं 'आरानाइ' करू नका, नुसतं 'नाइ'. आपल्या 'नाही'शी यमक जुळतं, तेवढीच सोय.