शेवंती फुलत नाही? आधी गॅलरीतला दिवा बघा

झाड हिरवंगार, पानं टवटवीत, पण दिवाळी उलटली तरी शेवंतीला एक कळी नाही. अशा वेळी बहुतेक जण खत वाढवतात, आणि तिथेच चुकतं. पानं अशी तजेलदार असतील तर झाड उपाशी नाही. जास्तीच्या नत्रानं नुसता पाला माजतो.

शेवंती फुलायची वेळ ठरवते ती रात्रीच्या लांबीवरून. पानांत फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य असतं. दिवसा ते लाल प्रकाशानं सक्रिय होतं आणि अंधारात हळूहळू निष्क्रिय रूपात परततं. रात्र पुरेशी लांब आणि सलग असली तरच कळ्या धरतात. मध्येच दिवा लागला की ते पुन्हा सक्रिय होतं आणि झाडाच्या लेखी ती लांब रात्र मोडते. हॅमनर आणि बॉनर या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९३८ मध्ये हे एका रानटी तणावर दाखवून दिलं: दिवसात थोडा वेळ अंधार केला तर काही बिघडत नाही, रात्रीत थोडा वेळ उजेड पडला तर फुलं येत नाहीत. पॉलिहाउसमधले शेतकरी याचाच उपयोग करतात. रात्री दिवे लावून फुलणं पुढे ढकलतात आणि दांडे उंच वाढवून घेतात.

म्हणून रात्री कुंडीजवळ उभं राहून बघा. रस्त्यावरचा दिवा, जिन्यातला बल्ब, शेजाऱ्यांचा फ्लडलाइट, यांतलं काही पानांवर पडतंय का? पडत असेल तर कुंडी हलवा. जागाच नसेल तर संध्याकाळी सहाला पुठ्ठ्याचं मोठं खोकं उपडं घाला आणि सकाळी आठला काढा. कळ्यांना रंग दिसेपर्यंत एकही रात्र चुकवू नका. दिवसा मात्र भरपूर ऊन हवंच.

खिडकीतली टोमॅटोची रोपं उंच, बारीक होऊन काचेकडे झुकतात, तेव्हाही युरिया देऊ नका. उजेड एकाच बाजूनं आला की ऑक्झिन हे वाढीचं संप्रेरक सावलीच्या बाजूला जमतं, ती बाजू जास्त वाढते आणि रोप वाकतं. ट्रे रोज फिरवा. रोपं दाटीनं लावली असतील तर विरळ करा, कारण शेजारच्या पानांनी लाल प्रकाश शोषला की रोपाला सावलीची चाहूल लागते आणि ते उंच पळतं. एकदम कडक उन्हात ठेवाल तर पानं करपतील, आठवडाभर थोडं थोडं ऊन वाढवत न्या. लांबलेलं टोमॅटोचं रोप लावताना खोड खोल पुरा, त्याला तिथूनही मुळं फुटतात.