पैलवान दुसऱ्या कंपनीत गेला की नुसतीच बोंब, हे कसं ओळखायचं

अमळनेरला तहसील कचेरीजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे. दिवसभर हातातून सातबारा, भाडेकरार, प्रतिज्ञापत्रं जातात. आणि टेन स्पोर्ट्सवर लागायचं तेव्हापासून, म्हणजे दोन्ही भाऊ शाळेत होते तेव्हापासून, मी अमेरिकेतली डब्ल्यूडब्ल्यूई कंपनीची कुस्ती बघते. भाऊ संसाराला लागले, त्यांचं बघणं सुटलं. माझं सुटलं नाही.

दुकानात बसून एक गोष्ट पक्की कळली. अमक्याने जमीन विकली अशी बोंब गावभर होते, पण फेरफार नोंदला गेला का, ते तलाठ्याच्या दप्तरातच कळतं. पैलवानाचंही तसंच आहे. त्याचा करार आपल्याला कोणी दाखवत नाही, पण करारातल्या तारखा बाहेर दिसत राहतात. त्या वाचता आल्या की निम्म्या अफवा तिथेच गळतात.

हे लिहिते आहे ते माझ्या भाच्यासाठी. तो धुळ्याला शिकतो. मंगळवारी नाहीतर गुरुवारी सकाळी त्याचा फोन ठरलेला. अमेरिकेत सोमवारी रात्री डब्ल्यूडब्ल्यूईचं रॉ आणि बुधवारी रात्री तिच्या समोरच्या एईडब्ल्यू कंपनीचं डायनामाइट होतं, तेव्हा आपल्याकडे पुढच्या दिवसाची सकाळ असते. "आत्या, तो गया ना! खरं शे का?" मग मी त्याला जे विचारते तेच इथे मांडते.

आधी एक गोष्ट समजून घ्या. आपल्या जत्रेतल्या फडात पैलवान आज या गावात लढतो, उद्या शेजारच्या. इनाम हातात पडलं की तो मोकळा. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावचे विजय चौधरी २०१४, २०१५ आणि २०१६ असे सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झाले, ती मातीची आणि गादीची खरी कुस्ती. अमेरिकेतल्या या कुस्तीत निकाल आधी ठरलेला असतो, करार मात्र अगदी खरा असतो. कोणत्या कंपनीच्या रिंगणात उतरायचं, कोणतं नाव लावायचं, सोडल्यावर किती दिवस घरी बसायचं, सगळं त्यात लिहिलेलं. म्हणून मला सामन्यांइतकाच करारांतही रस वाटतो.

भाच्याला माझा पहिला प्रश्न असतो: तो बाहेर कसा पडला? मुदत संपून, कंपनीने काढून, की रुसून घरी बसून? या तिन्हींचा हिशेब वेगवेगळा आहे आणि बहुतेक जण इथेच चुकतात.

मुदत संपली असेल तर साधारणपणे पैलवान लगेच मोकळा होतो. ॲडम कोलचं बघा. त्याची डब्ल्यूडब्ल्यूईतली मुदत २०२१ च्या उन्हाळ्यात संपत होती, ती समरस्लॅम या मोठ्या कार्यक्रमाच्या आठवड्यापर्यंत थोडी वाढवून घेतली. २२ ऑगस्टला एनएक्सटीच्या, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूईच्याच नव्या पोरांच्या संघाच्या, टेकओव्हर कार्यक्रमात तो काइल ओरायलीकडून हरला आणि ५ सप्टेंबरला एईडब्ल्यूच्या ऑल आऊट कार्यक्रमात उभा राहिला. अवघे चौदा दिवस. त्याच रात्री त्याच्यामागून डब्ल्यूडब्ल्यूईतूनच बाहेर पडलेला ब्रायन डॅनियलसन आला. आपल्याकडे तेव्हा सोमवारची सकाळ होती आणि पोळा होता. माझ्या चुलीवर खापर तापलेलं, हातावर मांडा पसरलेला आणि शेजारी फोन टेकवून ठेवलेला. डॅनियलसनचं संगीत वाजलं तेव्हा मांडा खापरावर टाकायचा तसाच हातावर राहिला. आई ओरडली. आजही पोळा आला की मला बैलांच्या घुंगरांबरोबर ते संगीत आठवतं.

कंपनीने काढलं असेल तर दिवस मोजा. डब्ल्यूडब्ल्यूईच्या मुख्य संघातल्या पैलवानाला साधारण ९० दिवस दुसरीकडे उतरता येत नाही. त्या काळात पगार मिळतो, पण रिंगण बंद. एनएक्सटीच्या पोरांना हीच मुदत ३० दिवसांची असायची. म्हणजे आज काढलेला पैलवान पुढच्या आठवड्यात समोरच्या कंपनीत दिसेल असं कोणी सांगितलं, तर कॅलेंडर उघडून दाखवायचं.

आता यातली गंमत बघा, कारण कागद नीट न वाचल्याने केवढं घडतं ते इथे दिसतं. ॲलिस्टर ब्लॅकला २ जून २०२१ ला काढलं. सगळ्यांनी ९० दिवस मोजले आणि ऑगस्टअखेरची तारीख धरून बसले. ७ जुलैला डायनामाइटमध्ये दिवे गेले, परत आले, तर तो रिंगणात उभा! नाव मालाकाय ब्लॅक. झालं असं होतं की तो एनएक्सटीतून मुख्य संघात आला, पण करारातलं ते ३० दिवसांचं कलम कोणी बदललंच नव्हतं. माझ्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी म्हणते, जुन्या करारावर नवी तारीख टाकू नका, कलमं पुन्हा वाचा. डब्ल्यूडब्ल्यूईएवढी कंपनीही त्यात चुकली.

तिसरा प्रकार रुसून बसण्याचा. हा सगळ्यात फसवा, कारण पोरांना वाटतं की निघून गेला म्हणजे सुटला. तसं नाही. भाडेकरू घराला कुलूप लावून गेला म्हणून करार मोडत नाही. नेव्हिल २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये घरी निघून गेला, पण करारातून मोकळा झाला तो २०१८ च्या ऑगस्टमध्ये. घरी बसलेले महिने कंपनी मुदतीत धरत नाही, मुदत पुढे सरकते. जखमी असलेल्या काळाचंही असंच करता येतं. म्हणून एखाद्याची मुदत अमुक महिन्यात संपते अशी बातमी आली की मध्ये तो किती महिने जायबंदी होता ते आधी बघा. साशा बँक्स २०२२ च्या मे महिन्यात रॉ सोडून निघाली. ४ जानेवारी २०२३ ला ती जपानमध्ये मर्सेडीज मोने या नावाने दिसली आणि एईडब्ल्यूत आली १३ मार्च २०२४ ला, तिच्या बॉस्टनमध्ये. जवळजवळ दोन वर्षं. या दोन वर्षांत ती एईडब्ल्यूत गेल्याचं मला किती वेळा सांगण्यात आलं, त्याची मोजदाद नाही.

दुसरा प्रश्न: त्याचा शेवटचा सामना कोणता, आणि तो हरला का?

जाणारा पैलवान जाताना हरून जातो, ही या धंद्याची जुनी रीत. त्याची किंमत मागे राहणाऱ्याच्या पदरात टाकायची असते. डॅनियलसन ३० एप्रिल २०२१ ला रोमन रेन्सकडून हरला, हरल्यावर डब्ल्यूडब्ल्यूईचा स्मॅकडाऊन कार्यक्रम सोडायचा अशी अटही होती. कथेतली अट वाटली, पण त्याचा करार खरंच संपत आला होता. एजने १८ ऑगस्ट २०२३ ला टोरांटोत, आपल्याच मुलखात, शेमसशी सामना केला. तो जिंकला होता, पण सगळा कार्यक्रम त्याच्या पंचवीस वर्षांच्या गौरवाचा होता. निरोपाचा वास तेव्हाच यायला हवा होता. १ ऑक्टोबरला तो ॲडम कोपलँड या खऱ्या नावाने एईडब्ल्यूत होता. म्हणजे नुसता हारजीतचा निकाल बघू नका, कंपनी त्याला हार घालते आहे का, तेही बघा.

विजेत्याचा पट्टा त्याच्या कमरेला असेल तर कंपनीची झोप उडालेली असते, कारण १९९५ च्या डिसेंबरमध्ये मडुसाने डब्ल्यूडब्ल्यूएफचा (डब्ल्यूडब्ल्यूईचं तेव्हाचं नाव) महिलांचा पट्टा समोरच्या डब्ल्यूसीडब्ल्यू कंपनीच्या कार्यक्रमात कचऱ्याच्या डब्यात टाकला होता. दोन वर्षांनी ९ नोव्हेंबर १९९७ ला मॉन्ट्रियलमध्ये पट्टा कमरेला असलेल्या ब्रेट हार्टशी जे केलं, तो हरलेला नसताना घंटा वाजवली, त्यामागे हीच भीती होती. त्याच ब्रेटशी कंपनीने वर्षभरापूर्वी वीस वर्षांचा करार केला होता. वीस वर्षांचा! मला ते आठवलं की आजही वाईट वाटतं. सव्वा महिन्यात तो डब्ल्यूसीडब्ल्यूत दिसला. तेव्हा "त्याचा करार मोठा आहे, तो कुठे जातो" असं मला कोणी सांगू नये.

आणि कधीकधी काहीच खूण मिळत नाही, हेही मान्य करायला हवं. ४ सप्टेंबर १९९५ ला डब्ल्यूसीडब्ल्यूचा नायट्रो कार्यक्रम पहिल्यांदा झाला, मिनेसोटातल्या एका मॉलमध्ये. तिथे लेक्स ल्यूगर चालत आला. आदल्या रात्री तो डब्ल्यूडब्ल्यूएफसाठी लढला होता! त्याची मुदत संपलेली होती आणि तो करार नसताना काम करत होता. म्हणजे इथेही उत्तर कागदातच होतं, फक्त तो कागद कोणी पाहिला नव्हता.

तिसरा प्रश्न नावाचा. डब्ल्यूडब्ल्यूईने दिलेलं नाव बहुतेक वेळा डब्ल्यूडब्ल्यूईचंच राहतं. डीन ॲम्ब्रोज एईडब्ल्यूत जॉन मॉक्सली झाला. कोडी ऱ्होड्सला तर वडिलांकडून आलेलं नाव वापरता येईना, एईडब्ल्यूत २०२० च्या अखेरीपर्यंत तो नुसता कोडी होता. म्हणून एखाद्या पैलवानाने अमेरिकेच्या ट्रेडमार्क कार्यालयात नवं नाव नोंदवलं, तर ती खूण आहे, पण कच्ची. पुढची सोय म्हणून नाव नोंदवून ठेवणारेही पुष्कळ. मी तिला साठेखताइतकी किंमत देते, खरेदीखताइतकी नाही.

आता पाहुणा आणि घरजावई यातला फरक. हल्ली हा घोळ फार वाढलाय. पैलवान दुसऱ्या कंपनीच्या रिंगणात दिसला म्हणजे तो तिकडचा झाला असं नाही. जॉर्डिन ग्रेस २०२४ च्या जानेवारीत रॉयल रम्बलमध्ये उतरली तेव्हा ती टीएनए या दुसऱ्या कंपनीची महिला विजेती होती, पट्टा घेऊनच आली होती. पुढे २०२५ च्या जानेवारीत डब्ल्यूडब्ल्यूई आणि टीएनएने रीतसर भागीदारी जाहीर केली. एईडब्ल्यू आणि जपानमधली न्यू जपान कंपनी २०२२ पासून फॉरबिडन डोअर नावाचा कार्यक्रम मिळून करतात. तेव्हा आधी विचारा, या दोन कंपन्यांची सोयरीक आहे का? असेल तर तो जेवून परत जाईल. डब्ल्यूडब्ल्यूई आणि एईडब्ल्यूची मात्र सोयरीक नाही. तिथे दिसला तर तो राहायलाच आला.

कार्यक्रम कोणत्या शहरात आहे तेही बघा, पण शहरावर सगळं सोडू नका. २०२१ च्या ऑगस्टमध्ये एईडब्ल्यूने शिकागोच्या युनायटेड सेंटरमध्ये आपला रॅम्पेज कार्यक्रम ठेवला, पैलवानाचं नावही सांगितलं नाही, आणि तेवढं मोठं सभागृह भरलं. सीएम पंक शिकागोचा, सात वर्षं कुस्तीपासून दूर राहिलेला. २० ऑगस्टला तो आला. तेव्हा मी बरोबर होते. २०२३ ला चुकले. २ सप्टेंबरला एईडब्ल्यूने त्याला काढलं आणि नोव्हेंबरमध्ये डब्ल्यूडब्ल्यूईची सर्व्हायव्हर सिरीज शिकागोलगत होती. भाचा म्हणत होता, येणार. मी म्हणत होते, डब्ल्यूडब्ल्यूईच्या ज्या घरातून तो पूर्वी इतकं कडू बोलून बाहेर पडला तिथे परत कोण घेईल? मी कागद सोडून मनं वाचायला गेले. कागद साफ सांगत होता की त्याला कोणाचंच बंधन नाही. २६ नोव्हेंबरच्या रविवारी सकाळी तो आला आणि भाच्याने फोनवर एक शब्दही न बोलता नुसतं पंकच्या प्रवेशाचं गाणं ऐकवलं.

राहिले फोटो आणि व्हिडिओ. झेरॉक्सवाल्या बाईला खरी प्रत आणि जोडून केलेली प्रत यातला फरक शिकवावा लागत नाही. एईडब्ल्यू नवा माणूस घेते तेव्हा "अमुक इज ऑल एलीट" असं चित्र टाकते, ते चित्र कोणीही पोरगा पाच मिनिटांत बनवू शकतो. म्हणून चित्र बघू नका, ते कुणाच्या खात्यावरून आलं ते बघा: कंपनीच्या, किंवा मालक टोनी खानच्या. प्रवेशाचा व्हिडिओ असेल तर मॅटवरचं नाव, दोरांचा रंग आणि निवेदकांचे आवाज एकाच कार्यक्रमाचे आहेत का ते तपासा. आणि थेट की आधी चित्रित केलेलं, तेही विचारा. १७ नोव्हेंबर १९९७ ला रिक रूड एकाच रात्री दोन्ही कंपन्यांच्या कार्यक्रमांत दिसला होता. रॉमध्ये दाढी, नायट्रोत नुसती मिशी. रॉ आधीच चित्रित झालं होतं, नायट्रो थेट होतं.

कंपनीने स्वतः सांगितलं तर खोटं समजू नका, हेही जोडते. २०१९ च्या जानेवारीत डब्ल्यूडब्ल्यूईने जाहीर केलं की ॲम्ब्रोज करार वाढवणार नाही. लोक म्हणाले, ही कथा आहे. ३० एप्रिलला मुदत संपली, २५ मे ला तो लास वेगासमध्ये एईडब्ल्यूच्या पहिल्याच मोठ्या कार्यक्रमात गर्दीतून आला.

दुकानातल्या कालनिर्णयावर मी अजूनही पेन्सिलीने खुणा करते: काढल्याचा दिवस, तिथून तिसावा, तिथून नव्वदावा. गिऱ्हाईकांना वाटतं हप्त्याच्या तारखा आहेत. परवा भाच्याने पुन्हा एक मोठं नाव घेतलं, म्हणाला, या वेळी शंभर टक्के. मी विचारलं, मुदत संपली, काढलं, की रुसलाय? तो गप्प. शेवटचा सामना कुणाशी झाला? त्याने तो बघितलाच नव्हता. "थांब आत्या, देखीसन सांगस," म्हणाला आणि फोन ठेवला.